पायऱ्यांचा डोंगर

पावसाळ्यात तुम्ही कधी कोकणात किंवा मावळात गेला असाल, तर डोंगराच्या उतारावरची भातखाचरे तुम्ही पाहिली असतील. एक खाचर वर, दुसरे त्याच्या खाली, तिसरे त्याच्याही खाली. प्रत्येक खाचराला बांध असतो. बांधामुळे पाणी अडते आणि त्या पाण्यात भाताची हिरवी रोपे डोलत असतात. दुरून पाहिले तर एखादा मोठा जिनाच दिसतो.

आता अशी कल्पना करा, की हा जिना खाली नदीच्या काठापासून सुरू होतो आणि वर माथ्याजवळच्या रानापर्यंत जातो. पायऱ्या दहा-वीस नाहीत, कितीतरी आहेत. काही पायऱ्या तर माणसाच्या उंचीपेक्षाही उंच आहेत. असे डोंगर फिलिपिन्स देशात आहेत. ते पाहायला जगभरातून माणसे येतात. काहीजण मोटारीतून उतरतात, दोन छायाचित्रे काढतात आणि परत जातात. त्यांना डोंगर दिसतो, पण तो समजत नाही. तो समजून घ्यायचा असेल, तर दोन-तीन दिवस पायी चालायला हवे आणि तेही गावातल्या वाटाड्याबरोबर. चला, या पाठात आपण तीच वाट चालू या.

फिलिपिन्स हा आग्नेय आशियातील देश आहे. तो सात हजारांहून अधिक बेटांचा मिळून बनला आहे. त्यांतील सर्वांत मोठे बेट लुझॉन. देशाची राजधानी मनिला याच बेटावर आहे. लुझॉनच्या उत्तर भागात कॉर्डिलेरा नावाची पर्वतरांग आहे. या रांगेत इफुगाओ नावाचा प्रांत आहे. तेथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या लोकांनाही इफुगाओ असेच म्हणतात. मनिलाहून रात्री निघालेली बस सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून सकाळी बानावे या गावी पोहोचते. आपली पायी सफर येथून सुरू होते.

बानावेत पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे वाटाड्या ठरवणे. तुम्ही म्हणाल, वाटाड्या कशाला? नकाशा घेतला की झाले! पण येथे नकाशा फारसा उपयोगी पडत नाही. पायवाटा रानातून जातात, पुढे शेताच्या बांधांवर येतात आणि एका बांधावरून दुसऱ्या बांधावर वळतात. मोठा पाऊस झाला की दरड कोसळते आणि कालची वाट आज बंद होते. कोणता बांध ओला आहे, कोणते शेत कोणाचे आहे, कोणत्या घरी रात्रीचा मुक्काम करता येईल, हे तेथल्या माणसालाच ठाऊक असते. शिवाय वाटाड्या बरोबर असला, म्हणजे गावकऱ्यांच्या दृष्टीने तुम्ही अनोळखी राहत नाही. तुम्ही त्याचे पाहुणे होता.

पहिल्या दिवशी जीपनीत बसून डोंगराच्या वरच्या भागापर्यंत जायचे. जीपनी हे फिलिपिन्सचे खास वाहन आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या जीपगाड्या तेथे मागे राहिल्या होत्या. लोकांनी त्या लांब केल्या, त्यांवर छप्पर चढवले, आत समोरासमोर बाके बसवली आणि बाहेरून रंगीबेरंगी चित्रे काढली. त्यातून जीपनी तयार झाली.

जीपनीतून उतरल्यावर वाट दाट रानात शिरते. येथे झाडांच्या खोडांवर शेवाळ असते, पायाखालची जमीन ओली असते आणि ढग अगदी अंगावरून जातात. तुम्हांला वाटेल, आपण भातशेती पाहायला निघालो आणि वाटाड्या आपल्याला रानात का हिंडवतो आहे? तर भातशेतीची सुरुवात या रानापासूनच होते. पावसाचे पाणी झाडांच्या मुळांशी मुरते. मग ते झऱ्यांतून हळूहळू, वर्षभर खाली येत राहते. रान नसते तर पावसाचे पाणी एकदम खाली धावले असते आणि बांध घेऊन गेले असते. म्हणून इफुगाओ लोक शेताच्या वरच्या बाजूला मुद्दाम रान राखतात. अशा राखलेल्या रानाला ते मुयोंग म्हणतात. मुयोंग हे एकेका कुटुंबाचे असते. त्यातून घरासाठी लाकूड आणि जळण मिळते, पण ते सारे एकदम तोडायचे नाही, अशी रीत आहे. ज्याने रान तोडले त्याने खालच्या शेताचे पाणी तोडले, हे तेथल्या लहान मुलालाही समजते.

दिवसभर चालून संध्याकाळी पुला नावाच्या छोट्या गावात पोहोचायचे. येथे इफुगाओ पद्धतीचे जुने घर पाहायला मिळाले तर ते नीट पाहा. चार भक्कम लाकडी खांबांवर घर उभे असते. खालची जागा मोकळी असते. प्रत्येक खांबाला वरच्या टोकाजवळ लाकडाची एक जाड, गोल चकती बसवलेली असते. ती शोभेसाठी नसते. उंदीर खांबावरून चढला, तरी त्याला ही चकती ओलांडून वर जाता येत नाही. घरात भात साठवलेला असतो, म्हणून ही युक्ती! छप्पर चारही बाजूंनी उतरते असते. पूर्वी सर्व घरे गवताने शाकारलेली असत. आता बरेच लोक पत्रे घालतात, कारण पत्रा जास्त टिकतो आणि गवत शाकारण्याचे श्रम वाचतात.

दुसऱ्या दिवशीची वाट मात्र खरी परीक्षा पाहते. पुला ते कांबुलो आणि कांबुलो ते बाताद असे आपल्याला जायचे आहे. वाटेत नदी लागते, रान लागते आणि मग सुरू होतात बांध. एका बाजूला चिखलाने आणि पाण्याने भरलेले शेत, दुसऱ्या बाजूला खोल खाली पुढचे शेत, आणि मध्ये वीतभर-हातभर रुंदीचा बांध. चालताना एकच नियम लक्षात ठेवायचा. तोल गेलाच, तर पाण्याच्या बाजूला पाय टाकायचा, दरीच्या बाजूला नाही. चिखलात पाय गेला तर फक्त कपडे मळतील! एका शेतातून वरच्या शेतात चढण्यासाठी काही ठिकाणी भिंतीतूनच लांब दगड बाहेर काढलेले असतात. त्यांवर पाय देत, वाटाड्याच्या मागोमाग वर चढायचे.

थोडे थांबून ही भिंत कशी बांधली आहे ते पाहू. खाली मोठे दगड पायासाठी रचतात. त्यांवर दगडांची किंवा मातीची भिंत उभारतात. भिंतीच्या मागे दगडगोटे आणि माती भरतात. त्यावर घट्ट मातीचा थर येतो आणि सर्वांत वर शेतीची मऊ, काळी माती. झऱ्याचे पाणी पाटाने किंवा बांबूच्या पन्हळीतून पहिल्या शेतात येते. ते भरले की बांधाला ठेवलेल्या तोंडातून दुसऱ्या शेतात उतरते, तेथून तिसऱ्यात. अशा रीतीने एकच झरा अनेक कुटुंबांची शेते भिजवतो. वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवून ठेवले, तर खालच्याचे पीक वाळेल. वरच्याचा बांध फुटला, तर खालच्याचेही शेत वाहून जाईल. म्हणून येथे कोणालाही फक्त स्वतःपुरते पाहून चालत नाही.

आपल्याकडे भात कापला की खाचर कोरडे पडते. इफुगाओंच्या शेतांत मात्र पीक नसतानाही पाणी ठेवतात. याचे कारण मोठे महत्त्वाचे आहे. शेत कोरडे पडले की मातीला भेगा पडतात. मग मोठ्या पावसात त्या भेगांमधून पाणी आत शिरते, भिंतीच्या मागची माती फुगते आणि भिंत कोसळते. तेव्हा हे लक्षात घ्या, की या पायऱ्या दगडांमुळे टिकून आहेत असे आपल्याला वाटते, पण त्या टिकल्या आहेत रोजच्या राखणीमुळे. किल्ला माणसांनी सोडला तरी शेकडो वर्षे उभा राहतो. ही शेते माणसांनी सोडली, तर थोड्याच वर्षांत ती ढासळू लागतात.

बहुतेक शेते इतकी लहान आणि इतकी उंचावर आहेत, की तेथे नांगर नेता येत नाही. माणसे लाकडी फावड्याने आणि पायांनी चिखल तयार करतात. जुने धाट आणि तण चिखलातच दाबतात, त्याचे खत होते. बांध दुरुस्त करणे हे मुख्यतः पुरुषांचे काम. बियाणे निवडणे, लावणी आणि कापणी ही मुख्यतः स्त्रियांची कामे. एका घराला एवढे काम झेपणारे नसते, म्हणून लोक आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबतात. आपल्या पुणे जिल्ह्यातील आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या डोंगरी भागातही आदिवासी शेतकरी अशीच एकमेकांच्या मदतीने उतारावर भातखाचरे तयार करत आले आहेत. त्या पद्धतीला पडकई म्हणतात. दोन देशांमध्ये समुद्र आहे, भाषा वेगळ्या आहेत, पण डोंगराने दोघांनाही एकच धडा शिकवला.

या उंच, थंड हवेत पिकणाऱ्या जुन्या जातीच्या भाताला तिनावोन म्हणतात. वर्षातून एकदाच येणारा, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. हा भात तयार व्हायला बरेच महिने लागतात. कापणीच्या वेळी स्त्रिया हातात मावेल अशा लहान सुरीने एकेक लोंबी कापतात आणि त्यांच्या जुड्या बांधतात. काम करता करता त्या हुडहुड गातात. हुडहुड ही इफुगाओंची जुनी कथागीते आहेत. त्यांत वीरांच्या, रूढींच्या आणि भातशेतीच्या गोष्टी असतात. एकजण पुढे म्हणते आणि बाकीच्या तिला साथ देतात. अशी दोनशेहून अधिक गीते आहेत आणि एखादे गीत पूर्ण म्हणायला काही दिवसही लागू शकतात. २००१ मध्ये युनेस्कोने हुडहुडला मानवजातीचा मौल्यवान मौखिक वारसा म्हणून गौरवले.

संध्याकाळी शेवटचा चढ संपतो आणि समोर बाताद दिसते. तुम्ही क्रिकेटचे स्टेडियम पाहिले असेल. प्रेक्षकांच्या बाकांच्या रांगा जशा अर्धगोलात वर वर चढत जातात, तशी येथे भाताची शेते चढत गेली आहेत. आणि खाली, मैदानाच्या जागी, गाव आहे. लावणीच्या आधी शेतांत नुसते पाणी असते, तेव्हा सारे आकाश त्या पायऱ्यांत उतरल्यासारखे दिसते. लावणीनंतर डोंगर हिरवा होतो आणि जून-जुलैच्या सुमारास, कापणीच्या आधी, पिवळा होतो. बातादमध्ये आजही शेवटचा टप्पा पायीच जावा लागतो. तांदूळ, मीठ, सिमेंट, पाहुण्यांचे सामान, सारे माणसांच्या खांद्यावरूनच गावात येते.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाई न करता बातादच्या बांधांवरून फिरा. ही शेते किती जुनी आहेत, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, असे पूर्वी मानले जाई आणि अनेक पुस्तकांत अजूनही तसेच लिहिलेले असते. अलीकडे पुरातत्त्वज्ञांनी तेथे खोदकाम करून जुन्या कोळशाचा आणि मातीचा अभ्यास केला. त्यांच्या मते, भाताच्या पाणथळ पायऱ्या मोठ्या प्रमाणावर बांधल्या गेल्या त्या सुमारे चारशे वर्षांपूर्वी. त्या काळात स्पॅनिश लोक लुझॉनमध्ये आले होते. त्यांच्या सत्तेपासून दूर राहण्यासाठी लोक डोंगरात अधिक आत गेले आणि त्यांनी ही शेते उभारली, असे हे अभ्यासक म्हणतात. त्याआधी डोंगरात अळूसारख्या कंदाची लागवड होत असे. वय काहीही असो, एक गोष्ट खरी आहे. हे काम कोणत्याही राजाने हुकूम देऊन करवून घेतले नाही. साध्या शेतकऱ्यांनी ते स्वतःच्या हातांनी केले.

१९९५ मध्ये युनेस्कोने इफुगाओ प्रांतातील पाच ठिकाणच्या भातशेतीचा जागतिक वारशात समावेश केला. बाताद आणि आपण पुढे जाणार आहोत ते बांगाआन ही त्यांपैकी दोन. पण २००१ मध्ये युनेस्कोला हाच वारसा धोक्यात असलेल्या स्थळांच्या यादीत घालावा लागला. त्या वेळी सुमारे २५ ते ३० टक्के शेते पडीक झाली होती आणि अनेक भिंती ढासळल्या होत्या. पुढे दुरुस्तीची बरीच कामे झाली आणि २०१२ मध्ये या स्थळाचे नाव धोक्याच्या यादीतून काढण्यात आले.

शेते पडीक का झाली? वाटाड्याला विचारा, तो एकेक कारण सांगेल. वादळे येतात, दरडी कोसळतात. खाण्यासाठी म्हणून १९८० च्या दशकात परदेशातून आणलेल्या गोगलगाई शेतांत पसरल्या आणि त्या कोवळी रोपे खातात. पण सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. वर्षातून एकच पीक आणि तेही घराला वर्षभर पुरत नाही. मुले शाळेत जातात, शिकतात आणि नोकरीसाठी शहरात किंवा परदेशात निघून जातात. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपणही शिकतो ते पुढे जाण्यासाठीच, नाही का? आईवडिलांनीच त्यांना कष्टातून सुटावे म्हणून शाळेत घातलेले असते.

आता तुमच्या वाटाड्याकडेच पाहा. तो बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. दिवसभर पाहुण्यांबरोबर चालून त्याला रोख पैसे मिळतात. तेवढे शेतात राबून मिळत नाहीत. पण तो पाहुण्यांबरोबर गेला, म्हणजे त्या दिवशी त्याच्या शेताचा बांध तसाच राहिला. पाहुणे येतात बांध पाहायला आणि बांध राखणारे हात मात्र पाहुण्यांच्या सेवेत गुंततात. हा पेच सोपा नाही. तरी त्याच पैशांतून काही कुटुंबे बांधाच्या दुरुस्तीसाठी मजूर लावतात, आणि काही तरुण पाहुण्यांचा हंगाम नसताना शेतात उतरतात. पाहुणा बंद करणे हा उपाय नव्हे. पाहुण्याचा पैसा बांधापर्यंत पोहोचायला हवा.

यात आपले, म्हणजे पाहुण्याचे, काही कर्तव्य आहे का? आहे. वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. गावातल्या घरीच राहावे, तेथले अन्न खावे. बांधावरचा दगड हलवू नये, कारण तो सुटला तर त्याच्या मागची माती सुटते. रोपे लावलेल्या शेतात पाय टाकू नये. कोणाचे छायाचित्र घ्यायचे तर आधी विचारावे. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत न्यावा. जो कचरा गावात येतो, तोही कोणाच्या तरी खांद्यावरून खाली न्यावा लागतो.

बातादहून चढून आपण मोटाररस्त्याला लागतो आणि तेथून बांगाआनकडे जातो. शेतांच्या मधोमध वसलेले हे छोटेसे गाव रस्त्यावरून खाली दिसते. येथे आपली सफर संपते. फिलिपिन्सच्या वीस पेसोच्या नोटेवर बानावेच्या भातशेतीचे चित्र छापलेले आहे. ती नोट हातात आली तर तिच्याकडे नीट पाहा. चित्रातल्या पायऱ्या कधी ढासळत नाहीत. खऱ्या पायऱ्या मात्र दर पावसाळ्यात थोड्या थोड्या ढासळतात, आणि कोणीतरी टोपली, फावडे घेऊन वर चढतो, निखळलेला दगड पुन्हा जागेवर बसवतो, म्हणून त्या उभ्या आहेत.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) वाटाड्या बरोबर घेणे का आवश्यक आहे?
(आ) इफुगाओ लोक शेतांच्या वर रान का राखतात?
(इ) पीक नसतानाही शेतात पाणी का ठेवतात?

२. ‘येथे कोणालाही फक्त स्वतःपुरते पाहून चालत नाही.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. वाटाड्याच्या मनातील पेच कोणता? त्यावर तुम्हांला कोणता उपाय सुचतो? आठ-दहा ओळी लिहा.

४. पुढील शब्दांचे उर्दू अर्थ लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
खाचर, बांध, राखण, दरड, पडीक, कष्ट.